संशय फिटल्यावर उरणारा विकल्प

गेम खेळण्यासाठी मॉनिटर घेताना आयपीएस पॅनेल घ्यावे की व्हीए, हा प्रश्न सुरू होतो तंत्रज्ञानात आणि जाऊन पोहोचतो तत्त्वज्ञानात. दोन्ही एलसीडीचेच प्रकार. फरक आहे तो दोन काचांमधल्या द्रवस्फटिकांच्या रेणूंच्या ठेवणीत. आयपीएसमध्ये रेणू काचेला समांतर, आडवे असतात आणि त्याच पातळीत फिरतात. त्यामुळे बाजूने पाहिले तरी रंग फारसे बदलत नाहीत. पण मागचा प्रकाश पुरता अडत नाही आणि कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१ च्या आसपास राहतो. अंधाऱ्या खोलीत काळोखाचे दृश्य लावले की पडद्याचे कोपरे राखाडी उजळलेले दिसतात. व्हीएमध्ये विद्युतदाब नसताना रेणू काचेला काटकोनात उभे राहतात आणि प्रकाश चांगला अडवतात. कॉन्ट्रास्ट ३०००:१ किंवा त्याहून अधिक मिळतो, काळा रंग काळाच दिसतो. मात्र उभे रेणू किंचित कलायला वेळ घेतात. काळ्यातून गडद करड्या छटेत जाताना चित्र रेंगाळते आणि भुयारातून धावणाऱ्या पात्रामागे काळसर फरफट उमटते.

अशा दोन वस्तूंपैकी एक निवडणे हे मोजमापाचे काम आहे की संकल्पाचे, हा इथला खरा प्रश्न आहे.

त्याचा पहिला भाग न्यायदर्शनाच्या कक्षेत येतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत सांगितलेल्या सोळा पदार्थांपैकी संशय हा एक. संधिप्रकाशात दूरवर उभे दिसते ते खांब आहे की माणूस? उंची दोघांची सारखी, वेगळेपण दाखवणारी खूण दिसत नाही, म्हणून मन दोन्हीकडे झुलते. जवळ गेल्यावर हातपाय दिसले की संशय फिटतो. पक्ष आणि प्रतिपक्ष तपासून अर्थ निश्चित करणे म्हणजे निर्णय. मॉनिटर घेणाऱ्याची बरीचशी घालमेल याच जातीची असते. दोन्ही पडदे शेजारी ठेवून तेच अंधारे दृश्य चालवले, मोजलेले आकडे ताडून पाहिले, की ती ओसरते.

पण खांब आणि माणूस यांच्यात खरे एकच असते. इथे दोन्ही पडदे आपापल्या परीने चांगलेच आहेत. सगळी माहिती हाती आल्यावरही ‘घ्यावे कोणते’ हा प्रश्न उरू शकतो, आणि उरला तर तो अज्ञानाचा नसतो. आणखी माहिती गोळा करून तो सुटत नाही.

मग दोन्ही समसमान आहेत असे म्हणावे काय? समान वस्तूंमधील निवडीचा प्रश्न जुना आहे. अकराव्या शतकात इस्लामी तत्त्वचिंतक अल-गझालीने दोन हुबेहूब खजुरांचे उदाहरण घेतले. भुकेला माणूस त्यांतला एक उचलतोच. सारख्यातून एक वेगळा काढण्याची शक्ती इच्छेत असते, असे त्याचे म्हणणे. पॅनेलांच्या बाबतीत हे उदाहरण लागू पडत नाही. दोन पडदे खरोखर समान असते, तर एकाची किंमत दोनशे रुपयांनी उतरताच पारडे त्या बाजूला झुकले असते. प्रत्यक्षात ग्राहक तिथेच अडलेला राहतो. अशा स्थितीला तत्त्वज्ञ रूथ चँग यांनी नेमके रूप दिले: सरस, कनिष्ठ आणि समान यांखेरीज दोन गोष्टींत चौथे एक नाते असू शकते. त्यांची तुलना होते, दोन्ही एकाच पंक्तीत बसतात, तरी त्या एका मापाने मोजल्या जात नाहीत. गडद काळा रंग आणि चपळ हालचाल यांचा भाव ठरवणारे कोणतेही सामाईक नाणे नाही.

अशा प्रसंगी काय करावे, याचा शिस्तबद्ध विचार वेदवचनांचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसेत सापडतो. यागात हविर्द्रव्य म्हणून तांदूळही विहित आणि जवही विहित. दोन्ही वचने सारख्याच बळाची. तिथे मीमांसक विकल्प मानतात: यजमानाने एक द्रव्य घ्यावे आणि ते घेऊनच याग पुरा करावा. दोन्हींची सरमिसळ चालत नाही. तरीही विकल्प त्यांना प्रिय नव्हता. त्यात आठ दोष येतात असे ते सांगतात, कारण तांदूळ स्वीकारताना जवाच्या वचनाचे सिद्ध प्रामाण्य बाजूला सारावे लागते, आणि पुढे जव घेतले तर तेच पुन्हा मान्य करावे लागते. म्हणून दुसरी कोणतीही वाट असेतो विकल्पाकडे जाऊ नये. त्यांतली एक वाट व्यवस्थेची: कर्म करणारा कोण किंवा प्रसंग कोणता हे पाहून पर्याय वाटून द्यायचे.

मॉनिटरची निवडही याच क्रमाने पुढे सरकते. दिवे मालवून कथाप्रधान खेळ खेळणाऱ्याला व्हीए, उजेडात बसून वेगवान नेमबाजीचा सामना खेळणाऱ्याला आयपीएस, अशी व्यवस्था लागली तर विकल्प उरतच नाही. दोन्ही करणाऱ्यापुढे मात्र तो खराखुरा उभा राहतो. तिथे कारणे निवडीचे क्षेत्र आखून देतात, पण शेवटचे पाऊल संकल्पाचेच असते. तरीही ती निवड लहरी ठरत नाही. जे घेतले जाते ते सकारण चांगले असते, आणि ते घेताना माणूस आपण कशाला किती महत्त्व देतो हे ठरवत असतो. आधीपासून मनात दडलेले उत्तर तो शोधून काढत नाही.

निवडीनंतरच्या हुरहुरीचा अर्थही यातून उलगडतो. व्हीए घेतलेल्याला आयपीएसची चपळाई आठवली, तर त्यावरून निवड चुकली असे सिद्ध होत नाही. सोडलेले द्रव्यही विहितच होते, एवढेच ती हुरहुर सांगते. अंगीकारलेले काम पुरे करायला तिची आडकाठी नसते.