अपयशाचा हक्क

नटाचें नांव त्याच्या भूमिकांवरून राहतें, नाटककाराचें त्याच्या नाटकांवरून. परंतु ज्यानें आपलें आयुष्य दुसऱ्यांस उभें राहण्यापुरती जागा करून देण्यांत वेंचलें, त्याचें काम कशावरून मोजावयाचें? शिष्यांच्या यशावरून, असें उत्तर सहज सुचतें. आम्हांस तें पुरेसें वाटत नाहीं. त्यानें शिष्यांच्या अपयशाचा भार किती व कसा वाहिला, हेंहि पाहिलें पाहिजे.

या दृष्टीनें इंग्लिश रंगभूमीवरील जॉर्ज डिव्हाइन (१९१०–१९६६) यांचें चरित्र विचारणीय आहे. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-नाट्यमंडळाचे अध्यक्ष असतां १९३२ सालीं त्यांनीं जॉन गिल्गुड यांस 'रोमिओ अँड ज्यूलिएट' बसविण्यासाठीं पाचारण केलें. पुढें ते लंडनमध्यें नट झाले. पण फ्रेंच दिग्दर्शक मिशेल सँ-दनी यांच्या सहवासांत त्यांस शिकविण्याची गोडी लागली आणि १९३६ पासून 'लंडन थिएटर स्टुडिओ' या नाट्यशाळेच्या कामांत ते गढून गेले. १९३९ च्या युद्धानें ती शाळा बंद पडली. डिव्हाइन तोफखान्यांत दाखल होऊन हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथें गेले. परतल्यावर सँ-दनी व ग्लेन बायम शॉ यांच्यासह त्यांनीं ओल्ड व्हिकची नाट्यशाळा चालविली. तीहि १९५२ सालीं बंद झाली. दोन शाळा मोडल्यावर एखाद्यानें हा नाद सोडला असता, तर त्यास कोणी दोष दिला नसता. डिव्हाइन यांनीं मात्र १९५६ सालीं लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहांत इंग्लिश स्टेज कंपनीची सूत्रें हातीं घेतलीं, आणि त्या नाट्यगृहालाच एका परीनें नव्या लेखकांची शाळा बनविलें.

अनेकांनीं परत पाठविलेलें 'लुक बॅक इन अँगर' हें नाटक त्यांनीं स्वीकारलें. त्याचा तरुण लेखक जॉन ऑस्बोर्न थेम्सवर एका नावेंत राहत असे. त्यास भेटावयास डिव्हाइन होडी वल्हवीत गेले. ८ मे १९५६ रोजीं तें नाटक रंगभूमीवर आलें आणि इंग्लिश नाट्यवाङ्मयाचें वळण बदललें. पण या यशापेक्षां आम्हांस दुसरेंच एक उदाहरण महत्त्वाचें वाटतें. १९५९ सालीं जॉन आर्डेन यांचें 'सार्जंट मस्ग्रेव्हज डान्स' तेथें आलें आणि पडलें. प्रेक्षक फिरकले नाहींत. आज तें नाटक त्या काळच्या श्रेष्ठ कृतींत गणलें जातें. नव्या लेखकास पडण्याचा हक्क असला पाहिजे, हें तत्त्व त्या नाट्यगृहाच्या नांवाशीं कायमचें जोडलें गेलें आहे.

तत्त्व उदार आहे. म्हणूनच तें तपासून घेतलें पाहिजे. पडलेल्या नाटकाचा खर्च कोणी सोसावयाचा? त्यांत सार्वजनिक पैसा असतो, नटांचे महिने असतात, प्रेक्षकांची संध्याकाळ असते. शिवाय एकास संधि देणारा हात दुसऱ्या अनेकांची हस्तलिखितें परत करीत असतो. तेव्हां हा हक्क म्हणजे एका माणसाच्या आवडीनिवडीस दिलेलें गोंडस नांव नव्हे काय?

आमच्या मतें हा आक्षेप खोटा नाहीं. पण दोन अटी पाळल्या तर त्याचा जोर पुष्कळ कमी होतो. पहिली अट ही कीं, अपयशाची मुभा देणारानें त्याचा वांटा स्वतः उचलावा. डिसेंबर १९५६ मध्यें डिव्हाइन यांनीं विचर्लीचें 'द कंट्री वाइफ' हें जुनें प्रहसन स्वतः बसविलें. त्यानें गर्दी खेंचली आणि नव्या प्रयोगांस बळ मिळालें. स्वतःच्या कसबानें मिळविलेलें त्यांनीं दुसऱ्यांच्या अनिश्चित धडपडीस लाविलें. नट म्हणूनहि ते मागें राहिले नाहींत. बेकेटच्या 'एंडगेम'सारख्या प्रेक्षकांस दुर्बोध वाटणाऱ्या नाटकांत त्यांनीं स्वतः भूमिका केली. १९६५ सालीं ऑस्बोर्नच्याच 'अ पेट्रिअट फॉर मी' या नाटकांत काम करीत असतां त्यांस हृदयविकाराचा झटका आला, व पुढील जानेवारींत, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, ते वारले. या मृत्यूस हौतात्म्याचा रंग देण्याचें कारण नाहीं. परंतु काठावर उभें राहून दुसऱ्यांस पाण्यांत ढकलणारांपैकीं ते नव्हते, एवढें निश्चित.

दुसरी अट अशी कीं, अपयशास आश्रय द्यावा, पण त्याची स्तुति करूं नये. रॉयल कोर्टच्या लेखकमंडळांत १९५८ पासून विल्यम गॅस्किल व कीथ जॉन्स्टन यांनीं नुसत्या चर्चेपेक्षां प्रसंग प्रत्यक्ष करून पाहण्यावर भर दिला. करून पाहतांना कच्चेपणा झांकतां येत नाहीं. आळसानें आलेलें अपयश आणि कसोशीच्या प्रयत्नांतून आलेलें अपयश यांतला भेद तेथें आपोआप उघड होतो.

हा प्रश्न रंगभूमीपुरता नाहीं. घराघरांतून आपण मुलांस 'प्रयत्न कर' म्हणून सांगतों आणि निकालाच्या दिवशीं मात्र फक्त आंकडा पाहतों. जो प्रयत्न करावयास सांगतो, त्यानें त्याच्या फळाचाच नव्हे तर निष्फळतेचाहि थोडा भाग पत्करावयास हवा. तेवढी तयारी नसेल, तर आपण उत्तेजन दिलें असें म्हणण्याचा अधिकार आपणांस उरत नाहीं.