दोन साक्षीदार

23 सप्टेंबर 2024. कोचीच्या टाउन हॉलमध्ये एक मुलगी बापाच्या पार्थिवाला घट्ट बिलगली होती आणि पार्थिव न्यायला आलेली माणसं खोळंबली होती. गेले ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे जुने नेते, इडुक्कीचे माजी खासदार एम. एम. लॉरेन्स. वय 95. मुलगा म्हणत होता, बाबांची इच्छा देहदानाची. मुलगी म्हणत होती, ते धर्माच्या विरोधात कधीच नव्हते, ख्रिस्ती रीतीनेच दफन व्हावं. भांडण त्याच दिवशी केरळ उच्च न्यायालयात गेलं आणि देह कळमश्शेरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जतन करून ठेवला गेला.

केरळच्या 1957 च्या शरीरशास्त्र कायद्याला देहदानाची इच्छा लेखी तरी लागते, नाहीतर दोन साक्षीदारांसमोर तोंडी सांगितलेली. दोन साक्षीदार पुढे आले. मध्यस्थीही करून पाहिली, जमलं नाही. ऑक्टोबरात एकल न्यायमूर्तींनी, डिसेंबरात खंडपीठाने आणि जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलीचं म्हणणं फेटाळलं. निकालाशी माझं भांडण नाही. मला सलतं ते एवढंच, की बापाच्या मनात काय होतं हे एकाच घरातल्या भावंडांना साक्षीदारांकडून कळावं. घर विकून पैसे वाटून घेता येतात. देहाचे वाटे होत नाहीत, म्हणून हे भांडण जिव्हारी लागतं.

आजोबांचा दहावा आठवतो. नदीकाठी पिंड मांडले होते, कावळा जांभळीवर बसून होता, खाली उतरेना. थोरल्या मामाने हात जोडले, ‘बहिणींना अंतर देणार नाही.’ धाकटा म्हणाला, ‘विहिरीच्या वाटेवरून भांडणार नाही.’ ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला. आई हळूच म्हणाली, ‘बाबा असताना बोलायचं होतं.’

वर्षभराने आईने हक्कसोडपत्रावर सही केली. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे 2005 पासून कायद्यात आहे. तिने सही का केली, हे तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, नोंदणीची सक्ती नाही, सहीला दोन साक्षीदार पुरतात. देहदानाचा अर्जही सहज मिळतो. पण घरच्यांनी कळवल्याशिवाय देह महाविद्यालयापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे कागद झाला तरी घरात बोलावं लागतंच. आपण मात्र ‘अशुभ बोलू नये’ म्हणून विषय बदलतो. त्यात माया असते हे मला कळतं. पण त्या मायेची किंमत पुढे मुलं मोजतात.

गेल्या दिवाळीत धीर करून आईला विचारलं. ती चकल्या तळत होती. म्हणाली, ‘विद्युतदाहिनी चालेल. अस्थी आपल्याच नदीत. पाटल्या दोघी नातींना एकेक.’ मी भावाला फोन लावला, बहिणीलाही जोडून घेतलं आणि फोन आईच्या कानाला लावला. तिने तेच पुन्हा सांगितलं, त्याच क्रमाने. मग झारा घेऊन कढईतल्या चकल्या उलटल्या.