मोठी गोळी, लहान गोळी

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या अंगणात किल्ला उभा राहतो. यंदाही नातवाने दगड, माती आणि एक फाटके गोणपाट यांवर हक्क सांगितला, हळीव पेरून डोंगरावर हिरवळ उगवली आणि कुंभाराकडून मावळे आणले. त्या मावळ्यांच्या रांगेत प्लॅस्टिकचा एक हिरवा शिपाईही रायफल रोखून बसलेला दिसला. मी इतिहासाची बाजू घेऊन हरकत घेतली. चिरंजीवांनी ती ऐकलीच नाही. उलट मलाच विचारले, "आजोबा, आपल्या सैन्याने आधी लहान गोळीची रायफल घेतली आणि आता पुन्हा मोठ्या गोळीची घ्यायला लागले. मग चांगली कोणती? मोठी गोळी की लहान?"

मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. असा प्रश्न आला की मास्तर सुखावतो. मी खडू नसलेल्या हाताने हवेत आकडे मांडू लागलो. मोठी गोळी ७.६२ मिलिमीटरची. तिचे वजन सुमारे साडेनऊ ग्रॅम. लहान गोळी ५.५६ मिलिमीटरची. तिचे वजन चार ग्रॅमच्या आसपास, पण वेग अधिक, सेकंदाला नऊशे मीटरांहून जास्त. मोठे काडतूस चोवीस ग्रॅमचे, लहान बाराचे. म्हणजे तेवढ्याच ओझ्यात शिपायाला दुप्पट काडतुसे नेता येतात. मोठी गोळी लांब पोचते, आडोसा भेदते. पण खांद्याला धक्का जोराचा देते. १९६२ नंतर ईशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागलेली एसएलआर मोठ्या गोळीची होती. पुण्याला पाषाणच्या संशोधनसंस्थेत जन्मलेली आणि १९९८ पासून फौजेत आलेली इन्सास लहान गोळीची. २०१९ मध्ये अमेरिकन कंपनीकडून ७२,४०० रायफली मागवल्या त्या पुन्हा मोठ्या गोळीच्या. एका पिढीने सोडलेले दुसरी पिढी उचलते, असा हा व्यवहार आहे.

नातवाने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "हे कळलं. पण ज्याला लागते त्याला?"

माझ्या हवेतल्या फळ्यावर ह्या प्रश्नासाठी जागाच उरली नव्हती.

त्या रात्री मला झोप आली नाही. ही निवड करणारी शहाणी माणसे ह्या प्रश्नाचे काय करीत असतील? जे आठवले त्याने मन प्रसन्न झाले नाही. १९२८ साली अमेरिकन सैन्याला अर्धस्वयंचलित रायफल हवी होती. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटावी आणि पुढची आपोआप भरली जावी, अशी. तिच्या नळीचे माप ठरवण्यासाठी डुकरांना भूल देऊन त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. पुढे बकऱ्यांची पाळी आली. सर्वांत लहान गोळीने काही अंतरांवर सर्वांत भयंकर जखमा केल्या. तज्ज्ञांनी मधल्या मापाची शिफारस केली. पण १९३२ मध्ये सरसेनापती मॅकार्थर यांनी ती फेटाळली आणि जुनेच मोठे माप कायम ठेवले. त्याचे एक मोठे कारण असे की जुन्या मापाची काडतुसे कोठारांत भरून पडली होती. १९३६ मध्ये गॅरंडची रायफल त्याच मापात स्वीकारली गेली. माणसाच्या देहाला कोणते छिद्र पडावे ह्याचा निकाल डुकरांनी द्यायला घेतला आणि कोठाराच्या किल्ल्यांनी पुरा केला!

मात्र मी शांतिपाठ म्हणणाऱ्यांपैकी नाही. १९६२ च्या हिवाळ्यात आपले जवान हिमालयात थ्री नॉट थ्री घेऊन उभे होते. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करायचा, आणि समोरच्या चिनी शिपायाच्या हाती मात्र आपोआप भरणारी रायफल. अहिंसेचे पुण्य आपण घ्यावे आणि त्याची किंमत त्या थंडीत कुडकुडणाऱ्या पोराने द्यावी, हा न्याय मला मान्य नाही. शस्त्र द्यायचे तर चांगले दिले पाहिजे. अडचण आहे ती ह्या 'चांगले' शब्दाची.

आपल्याकडच्या जुन्या लोकांनी ह्या शब्दाला कुंपण घातले होते. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजधर्म सांगताना काटेरी फाळाचे, विषारी आणि पेटते बाण वापरू नयेत असे बजावले आहे. म्हणजे मारण्याची परवानगी आहे, छळण्याची नाही. १८६८ साली सेंट पीटर्सबर्गला जमलेल्या राष्ट्रांनीही हाच विचार मांडला : शत्रूला लढण्यास असमर्थ करणे एवढाच युद्धाचा हेतू, त्यापुढची वेदना निरर्थक. आणि कुंपण मोडण्याचे कामही आपल्याच भूमीवर झाले. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत नवी लहान गोळी माणसातून आरपार जाते आणि तो तरीही धावत येतो, अशी इंग्रजांची तक्रार झाली. तेव्हा कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी निघाली. ती अंगात शिरून उमलत असे. १८९९ मध्ये हेगला तिच्यावर बंदी आली. इंग्रजांनी ती मान्य करायला १९०७ साल उजाडले.

आज डमडमची गोळी कोणी सैन्यासाठी मागत नाही. पण लहान गोळीच्या बाजूने एक युक्तिवाद वरचेवर ऐकू येतो, आणि तो मला त्या गोळीइतकाच अस्वस्थ करतो. म्हणे, मेलेला शत्रू एकटा कमी होतो. जखमी झाला तर त्याला उचलायला आणखी दोघे गुंततात. किती नीटनेटका हिशेब! असला हिशेब मांडणाऱ्याने जखमी माणूस कधी उचलला असेल का?

आमच्या शेजारच्या हवालदारांनी उचलला आहे. आमच्या सातारा जिल्ह्यात घराआड एक फौजी सापडतो; हे त्यांतलेच. १९७१ मध्ये ते पश्चिम सीमेवर होते. पाडव्याला फराळाला आले तेव्हा मी त्यांना नातवाचा प्रश्न सांगितला आणि वर माझे तत्त्वज्ञानही वाढले. म्हणालो, "एसएलआर मला त्यातल्या त्यात बरी वाटते. दर गोळीला चाप वेगळा ओढावा लागतो. म्हणजे दर गोळीमागे माणसाचा एक स्वतंत्र निर्णय."

हवालदारांनी चकली मोडली. म्हणाले, "मास्तर, तसलं काय बी नसतंय. त्या वक्ताला बोट आपलं आपण चालतं. निर्णय मागनं येतो, घरी आल्यावर."

मग थोड्या वेळाने त्यांनीच सांगितले. रात्रभर गोळीबार चालला होता. पहाटे पुढे गेले तो खड्ड्यात एक पाकिस्तानी शिपाई मांडीत गोळी लागून पडलेला. पाणी मागत होता. ह्यांनी बाटली त्याच्या तोंडाला लावली. त्याची रायफल बाजूला सारताना त्यांनी पाहिले, ती जर्मन बनावटीची, जी-थ्री. आपली बेल्जियन घराण्यातली. दोन देशांनी दोन वेगळ्या रायफली पसंत केल्या होत्या.

"पण गोळी एकच, मास्तर. सात पॉइंट बासष्ट. त्याच्या पट्ट्यातल्या गोळ्या माझ्या रायफलीत बसल्या असत्या. माझ्या त्याच्यात."

"मग त्याला उचलायला त्यांचे दोघे आले?" मी विचारले.

"त्यांचं कोण येणार? ते मागं सरकले होते. आम्हीच चौघांनी उचलला. मैदान ज्याचं, जखमी त्याचा."

जखमी शत्रू शत्रूचेच खांदे गुंतवतो, ह्या हिशेबातली चूक मला इतक्या वर्षांच्या वाचनाने कळली नव्हती. तो माणूस जगला का, हे मी विचारले. डॉक्टरांच्या हवाली केल्यावर पुढचे ठाऊक नाही, असे हवालदार म्हणाले आणि त्यांनी चहा मागितला.

मला वाटते, रायफल निवडणाऱ्यांच्या तक्त्यात वजन, पल्ला, वेग, किंमत ह्या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना हवा : ज्याला लागते त्याचा. तो भरल्याने निवड बदलेलच असे नाही. कदाचित पुन्हा मोठीच गोळी निवडावी लागेल. सीमेवरच्या पोराचा जीव राखायचा तर तेच योग्यही असेल. पण तो रकाना रिकामा ठेवून केलेली निवड म्हणजे नुसती खरेदी. नातवाला मी एवढेच सांगितले की कोणती गोळी कशाला उपयोगी ते मला ठाऊक आहे. 'चांगली' म्हणण्याजोगी मात्र मला एकही माहीत नाही. त्याचे त्याने समाधान झाले नाही. होऊ नयेच.

निघताना हवालदार किल्ल्यापाशी थांबले. बुरूज पाहिले, मावळे पाहिले, रायफलवाला हिरवा शिपाईही पाहिला. मग वाकून नातवाला म्हणाले, "किल्ला झ्याक हाय. पण पाण्याचं टाकं कुठाय?"

नातू खुरपे आणायला धावला.