नकलांवरचा विश्वास

कामथडीला एस.टी.ची वाट पाहत बसलो होतो. माझ्या हातातलं बायबल पाहून शेजारच्या माळकरी आजोबांनी विचारलं, "याची मूळ प्रत हाय का कुठं? का नकलेवरनं नक्कल?" प्रश्नात खोच नव्हती. सातबारा-फेरफाराच्या खेपा घातलेल्या माणसाला नक्कल कशी बिघडते हे पक्कं ठाऊक असतं.

मूळ प्रत नाही. मार्कनं लिहिलेलं किंवा पौलानं लिहवून घेतलेलं एकही पान आज उरलेलं नाही. हे सांगायला आम्ही ख्रिस्ती लोक उगाच कचरतो. दप्तर एकाच कपाटात आणि किल्ली एकाच्याच कमरेला असती, तर खाडाखोड कुणाला कळलीच नसती. नव्या कराराच्या प्रती मात्र सुरुवातीपासून मिसर, सिरिया, रोम अशा दूरदूर पांगल्या. आज पाच हजारांवर ग्रीक हस्तलिखितं सापडतात. चुका प्रत्येकात आहेत; पण एकच चूक सगळ्यांत सहसा नसते, म्हणूनच ती पकडता येते. 1947 साली मृत समुद्राजवळच्या गुहांत गुंडाळ्या मिळू लागल्या. त्यांतली यशयाची गुंडाळी तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली. फरक पुष्कळ, पण बहुतेक अक्षरांचे, शब्दांचे. संदेष्टा तोच राहिला.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातल्या नवव्या ओळीपासून पुढचा भाग चौथ्या शतकातल्या दोन्ही महत्त्वाच्या प्रतींत नाही. आजच्या अनेक आवृत्त्या तो कंसात किंवा तळटीप देऊन छापतात. काही भाविकांना हा कंस खुपतो. मला तो फार मोलाचा वाटतो. ज्यांना फसवायचं असतं ते कंस घालत नाहीत.

आजोबांना हे परकं वाटायचं कारण नव्हतं. ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले तेव्हा एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. त्यानं माउलींवरची श्रद्धा उणावली नाही. ग्रंथावर जीव असलेला माणूसच एवढी मेहनत घेतो.

पंडिता रमाबाईंचं मला म्हणून फार अप्रूप आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर पुराणं सांगत त्या देशभर हिंडल्या होत्या. पाठांतराची ताकद त्यांना कुणी शिकवायला नको होती. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही चर्च सांगतं म्हणून त्यांनी काही मानलं नाही. वचन स्वतः वाचून पाहीन, हा त्यांचा हट्ट तिथल्या वडीलधाऱ्यांना रुचला नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. संस्कृतप्रचुर भाषांतर खेड्यातल्या बाईला कळत नाही, ही त्यांची तळमळ. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच बायका. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, त्याआधी भाषांतर पुरं झालं होतं. मुलगी मनोरमा आदल्याच वर्षी वारली होती, तरी हे काम थांबलं नाही. शब्द खरा आहे असं ज्याला मनापासून वाटतं, तो त्यावर इतका राबतो.

एक मात्र मान्य करायला हवं. नक्कल बरहुकूम असली म्हणून त्यातला मजकूर देवाचा ठरत नाही. येशू उठला हे हस्तलिखितं मोजून कळत नाही; पहिल्या साक्षीदारांनी काय सांगितलं, एवढंच ती आपल्यापर्यंत पोचवतात. तिथून पुढचं पाऊल ज्याचं त्यानं टाकायचं. मी ते टाकलं आहे.

आजोबा सगळं ऐकून घेत होते. मग त्यांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला आणि म्हणाले, "तो कंस दाखवा बघू." मी पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. एस.टी. येईपर्यंत ते बोट फिरवत वाचत होते, कंसाच्या आतलं आणि बाहेरचंही.