उभय सेनांच्या मध्ये उभा असलेला गृहस्थ

अर्जुनाने आपला रथ दोन्ही सेनांच्या मध्ये उभा करविला, तेव्हा तो कोवळा तरुण नव्हता. त्याचा अभिमन्यू विवाहित होता. समोर पितामह आणि गुरुजन होते, तसेच पुत्र-पौत्रांच्या वयाची मुलेही होती. वडीलधारे आणि संतती यांच्यामध्ये जो असा सापडतो, तोच मध्यमवयीन गृहस्थ. त्याने आरंभीच देहाची व्यथा सांगितली : गात्रे शिथिल झाली, तोंडाला कोरड पडली, अंगाचा दाह होऊ लागला. कुलधर्माची चर्चा त्यानंतर आली. व्यासांचे हे निरीक्षण आपण घाईने ओलांडून जातो.

असे गृहस्थ बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये घरोघर आढळतील. होसूर आणि सर्जापूर या रस्त्यांवरून नाव पडलेल्या या वसाहतीचे सात सेक्टर आहेत, आणि नोकरीनिमित्त तेथे जाऊन राहिलेली मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. त्यांतील कोणीही एक कल्पावा. वय पंचेचाळीस. सकाळी सिल्क बोर्ड चौकातील वाहनांची दाटी, रात्री परदेशातील कचेरीशी बोलणे, मुलाची दहावी, सांगलीस एकट्या राहणाऱ्या आईचे गुडघे. त्यात रक्तातील साखर नुकतीच वाढलेली. तो म्हणतो, “हे सारे मी मुलांसाठीच करतो. हाच माझा कर्मयोग.”

हे म्हणणे ऐकावयास गोड आहे. परंतु गीतेस ते मान्य होईल काय? सतराव्या अध्यायात भगवंतांनी दंभाने व आसक्तीच्या बळाने केलेल्या, शास्त्राने न सांगितलेल्या घोर तपाचा विचार केला आहे. असे लोक देहास कष्टवितात, एवढेच म्हणून ते थांबत नाहीत. त्या देहात राहणाऱ्या मलाही ते पीडा देतात, असे ते सांगतात, आणि त्या निश्चयाला आसुरी म्हणतात. बढतीच्या आसक्तीने केलेले वर्षानुवर्षांचे जागरण या वर्णनापासून फारसे दूर नाही. त्यास त्यागाचे नाव देऊन आपण स्वतःचीच समजूत घालतो. शिवाय ज्या कुटुंबासाठी देह झिजविला, त्याच कुटुंबाला पुढे रुग्णशय्येपाशी बसावे लागते.

सहाव्या अध्यायातील ‘युक्त’ हा शब्द येथे उपयोगी पडतो. आहार, विहार, कर्म, झोप, जागरण या सर्वांना माप हवे. अतिभोजन जसे वर्ज्य, तसेच अति उपवासही वर्ज्य. चांगल्या गोष्टीचाही अतिरेक होतो. २०२४ च्या फेब्रुवारीत बंगळूरचेच उद्योजक नितीन कामत यांनी आपणास सौम्य पक्षाघात होऊन गेल्याचे जाहीर केले. वय चव्वेचाळीस, आणि व्यायामाविषयी दक्ष असा त्यांचा लौकिक. संभाव्य कारणे सांगताना त्यांनी वडिलांचे निधन, अपुरी झोप, थकवा, शरीरातील पाणी कमी होणे आणि अतिव्यायाम ही नावे घेतली. हे निदान नव्हते, एका माणसाचा अंदाज होता. तरीही त्या यादीत शोक आणि व्यायाम शेजारी बसलेले पाहून वाचक क्षणभर थांबतो. (आगरा तलावाकाठी कानाला यंत्र लावून कचेरीशी बोलत चालणारे पुष्कळ असतात, ते फिरणे की नोकरी, हे त्यांनीच ठरवावे.)

कोणी म्हणेल, मोठी कामे मापाने होत नाहीत. लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाली, तेव्हा ते बावन्न वर्षांचे होण्याच्या बेतात होते. मंडालेच्या तुरुंगात मधुमेह सोबत होता. तेथेच १९१०-११ च्या हिवाळ्यात, आहाराचे पथ्य सांभाळून, त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले. कर्मयोगाच्या या आचार्यांना देहाकडे पाहणे कर्माच्या आड आले नाही. १९१२ मध्ये पत्नीच्या निधनाची वार्ता त्यांना त्याच कोठडीत ऐकावी लागली. तो वियोग परकीय सत्तेने लादला होता. आपल्यावर मात्र तसा पहारा नाही. घरापासून दूर ठेवणाऱ्या कित्येक बैठका आपण स्वतःच मान्य केलेल्या असतात.

भगवंतांनी रथ मागे फिरविला नाही, की घोड्यांना चाबूकही मारला नाही. तो मध्येच उभा राहिला आणि तेवढ्यात संवाद झाला. एचएसआर लेआउटमधील त्या गृहस्थाला नोकरी सोडावयाची नाही. रक्ततपासणीचा जो कागद त्याने कपाटात दडवून ठेवला आहे, तो आज जेवणानंतर पत्नीपुढे ठेवावा. रात्रीच्या बैठका आठवड्यातून किती, हे वरिष्ठांशी एकदा स्पष्ट बोलावे. आणि सांगलीचा दूरध्वनी रविवारपर्यंत लांबवू नये. आईची निजण्याची वेळ नऊची आहे.