गाळलेलं पाणी आणि सोडलेलं पाणी

लग्न होऊन मी बोरगावात आले, तेव्हा आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, सगळ्यात आधी शिकवलं ते पाणी गाळणं. जाड कापड दुहेरी करायचं. गाळून झालं की ते गाळलेल्याच पाण्यानं उलटं धुवायचं आणि ती जिवाणी आडात परत सोडायची. तीही वरून ओतायची नाही. बादली पाण्याला टेकवून हळूच सोडायची. "जिथला जीव तिथं पोचवावा, बाळ," त्या म्हणायच्या. आता घरात नळ आला, पण गाळणं सुटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात गल्लीच्या टोकाच्या एका काकूंकडं बारशाला गेले. आमचं गटार त्यांच्या परड्यामागं संपतं. काळं पाणी साचलेलं, वर डास. काकू सहज बोलल्या, "वैनी, तुम्ही पाणी गाळून पितासा, चांगलं करतासा. पर तुमच्या न्हाणीचं पाणी हितं आमच्या दारात येऊन बसतंय." मला उत्तर सुचलं नाही.

घरी येऊन हिशेब केला. जलजीवन योजनेत खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी धरलंय. पाच माणसांचं घर म्हणजे २७५ लिटर. त्यातलं दोनतृतीयांश तरी सांडपाणी होऊन बाहेर जातं. पिण्याचं दोन कळश्या पाणी मी जिवापाड जपते आणि दीडशेवर लिटर न बघता सोडून देते! पावसाळ्यात तेच ओढ्यातून दूधगंगेला आणि पुढं कृष्णेला जातं. जवळच्या इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यानं काविळीची साथ आली, माणसं दगावली. ते पाणीही कुणाच्या तरी दारातूनच निघालेलं असणार ना?

मी मुद्दाम कुणाला मारत नाही, ही संकल्पी हिंसा नव्हे, असं मनाला समजावलं. पण तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादापासून सुरू होते. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. मुनींच्या पाच समित्यांतली शेवटची उत्सर्ग समिती तर टाकण्याबद्दलच आहे: जे टाकायचं ते निर्जंतुक जागा बघून, जपून टाकायचं. आपण श्राविका, मुनी नव्हे. पण त्यातलं थोडं तरी आपल्याला लागू नाही का?

बस्तीतल्या स्वाध्यायात हे बोलले, तर एक आक्का म्हणाल्या, "खड्डा काढलास तर मातीतले जीव मरतील, त्याचं काय?" प्रश्न खरा होता. मरतील. पण संसारात आरंभी हिंसा टळत नाही, कमी करता येते. साचलेल्या पाण्यात रोज उपजणारे आणि मरणारे जीव एका पारड्यात, एकदा काढलेला खड्डा दुसऱ्यात. मी खड्डा निवडला.

आमची जमीन काळी, पाणी लवकर जिरत नाही. म्हणून नुसता शोषखड्डा न करता, आधी केस-साबणाचा गाळ अडवणारी छोटी टाकी, मग दगड-खडीचा चर आणि त्यात कर्दळ, अळू, कडेला केळ लावली. विहिरीपासून लांब. काही दिवसांत दगडांवर बुळबुळीत थर आला. तो घासून काढणार होते, तर मुलगा म्हणाला, "आई, तेच जीव घाण खातात. अॅसिड-फिनेल ओतलंस तर मरतील." मी हात आवरला. पाणी शुद्ध करणारेही जीवच! तेव्हापासून न्हाणीत अॅसिड बंद.

परवा काकूंकडं जाऊन आले. त्यांच्या मागचं डबकं तसंच आहे. एका घरानं ते आटणार नाही. ज्यांना परडंच नाही, त्यांचं पाणी कुठं जिरणार? त्यासाठी गावानं मिळून तळं करावं लागेल, त्याला जागा लागेल, आणि ती आपल्या शेजारी नको असंच सगळे म्हणतील. मीही म्हणेन का? खरं सांगते, अजून उत्तर नाही.

बायांनो, आज पाणी गाळून झालं की एकदा बाहेर या आणि आपलं गटार कुणाच्या दारात संपतं, ते चालत जाऊन बघा.