मागें बसणाऱ्याचा तोल

बालाघाटाची रांग बीड जिल्ह्यांतून गेली आहे. तिच्यावरील धारूरचा किंवा मांजरसुंब्याचा घाट ज्यांनीं मोटारसायकलवरून उतरला असेल, त्यांस ठाऊक आहे कीं, वळणावर गाडी आंतल्या बाजूस कलवावी लागते. ज्या बाजूस पडण्याचें भय, त्याच बाजूस अंग टाकावयाचें, असा हा उलटा न्याय! भ्यालेला मनुष्य नेमका ताठ होतो आणि गाडी बाहेर फांकून समोरच्या ट्रकच्या वाटेंत जाते.

वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशीं ३६ किलोमीटर वेगास सुमारें २७ अंशांचा कल पुरतो. वेग ५४ झाला कीं ४९ अंश लागतात, आणि तितकी पकड साध्या रस्त्यावर चाकांस मिळत नाहीं. वेग दीडपट, ओढ मात्र सव्वादोनपट. शर्यतींतले स्वार अर्धें अंग बैठकीबाहेर काढून गाडीचा कल थोडा वांचवितात. खडी पसरलेल्या घाटांत त्या कसरतीचें आम्हांस काय होय?

मला विचार पडतो तो मागें बसणाऱ्याचा. त्यानें पुढच्याबरोबर कलावें, उलट झुकूं नये, असें सारे शिकवितात आणि त्यास विश्वास हें गोड नांव देतात. पण ज्याला नाकारण्याची सोय नाहीं, त्याच्या होकारास विश्वास म्हणावें काय? त्यांतून मागें बहुधा लुगड्यांतली बाई, दोन्ही पाय डावीकडे सोडून बसलेली. डावें वळण निदान तिच्या डोळ्यांसमोर असतें. उजव्या वळणावर तिला स्वतःच्या पाठीकडे, न दिसणाऱ्या बाजूस कलावें लागतें. गुडघ्यांनीं गाडी धरण्याचा उपदेश तिच्या कामाचा नाहीं, आणि एक हात मांडीवरील मुलांत गुंतलेला.

याच जिल्ह्यांतील ऊसतोडणीच्या व्यवहारांत नवराबायको मिळून एक ‘कोयता’ गणला जातो; उचल बहुधा पुरुषाच्या हातीं पडते, फेड मात्र दोघांच्या अंगमेहनतीनें होते. मोटारसायकलवरही दोघांचा भार एकच, आणि वेग ठरविणारी मूठ एकाच्या हातांत. कोणी म्हणेल, ती आपखुशीनें बसली ना? ज्या वस्तीवरून दवाखान्यास जावयास दुसरें वाहन मिळत नाहीं, तेथें या आपखुशीचें मोल फार धरूं नये. दुसऱ्यानें आपल्याबरोबर कलावें असें मागण्याचा हक्क स्वारास केवळ हँडल हातीं आहे म्हणून मिळत नाहीं. वळण येण्याआधीं वेग तिला सोसेल इतका उतरविला, तरच तो मिळतो. पुष्कळ पुरुषांस हें सांगितलेलें आवडत नाहीं, व मागचीच्या भित्रेपणास हंसण्यांत त्यांचा घाट सरतो.

तिचें ‘दमानं घ्या’ ऐकावयाचें तें घाटमाथ्यावरच. गाडी कलल्यावर तें ऐकून स्वार घाबरून ब्रेक दाबतो, आणि खडीवर चाक बहुधा तेवढ्यानेंच निसटतें.